कृपा आधी की कर्म आधी ?

वडपे (ता. भिवंडी) येथे एकादशीचे भजन आटोपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "बुवा, माझ्या हातून ना वारी झाली, ना दानधर्म. आता तर पायही चालत नाहीत. मग माझं कसं व्हायचं?" प्रश्न एकट्या त्यांचा नव्हे. ख्रिस्ती धर्मात याच प्रश्नावर शतकानुशतके खल झाला आहे. तो विचार पाहिला म्हणजे आपल्यालाही उजेड पडेल.

सिद्धांत : पौलाने रोमकरांस व इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत तारण हे देवाचे दान मानले आहे, मजुरी नव्हे. मजुरी म्हटली की हक्क आला, आणि हक्काच्या मागोमाग अहंकार आलाच.

दृष्टांत : मत्तयाच्या २० व्या अध्यायात एक मळेवाला आहे. आपल्याकडची आवणी डोळ्यांपुढे आणा. कोणी पहाटे चिखलात उतरला, कोणी दिवस कलल्यावर. संध्याकाळी धन्याने दोघांना सारखेच दिले. पहाटेचा कुरकुरला. पण त्याचे ठरलेले त्याला पुरे मिळालेच होते. दुसऱ्याला मिळाले तेच त्याला खुपले!

अनुभव : पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले. काम केवढे थोर! तरी मन शांत नव्हते. पुढे कित्येक वर्षांनी त्यांना उमगले, की धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. आपण जशा आहोत तशा त्याला शरण गेल्या, तेव्हा समाधान लाभले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

शंका : मग सत्कर्म सोडून स्वस्थ बसावे काय?

समाधान : मुळीच नाही. याकोबाच्या पत्रात कर्मावाचून श्रद्धेला मेलेली म्हटले आहे. रमाबाईही बसून राहिल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलीबाळींना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. आंबा फळतो तो जिवंत आहे म्हणून; फळे बांधून वाळले झाड जिवंत होत नाही. कृपा मूळ, कर्म फळ. ल्यूथरने १५१७ मध्ये वादाला तोंड फोडले. अखेर १९९९ साली ल्यूथरपंथीय व कॅथलिक या दोघांनी संयुक्त घोषणेत मान्य केले, की देव माणसाला स्वीकारतो तो कृपेने, त्याच्या पुण्याईने नव्हे.

रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. वाटा वेगळ्या खऱ्या, पण शरणागतीची ओळख त्यांना इथेच झाली होती.

तेव्हा बाबा, झाल्या नाहीत त्या वाऱ्या मोजत बसू नका. ओसरीवर बसून नाम घ्या. आणि ज्यांच्या तीस-तीस वाऱ्या झाल्या, त्या आपण मंडळींनीही त्या मोजू नयेत. पहाटेच्या मजुराची कुरकुर आपल्या तोंडी न येवो, एवढे मागणे पांडुरंगाजवळ मागावे.

रामकृष्णहरि.