नगररचना आणि सायकल

कोलकात्याच्या ईशान्येस, राजारहाट परिसरातील शेते व मासळीची तळी संपादित करून वसविलेले न्यू टाउन हे कोऱ्या कागदावर आखलेले नगर होय. त्याच्या उभारणीसाठी पश्चिम बंगाल शासनाने १९९९ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. येथील मोठ्या रस्त्यांलगत सायकलसाठी वेगळी पट्टी राखता आली, याचे कारण साधे आहे : येथे रस्त्यांची रुंदी आधी ठरली आणि वाहने मागाहून आली.

जुन्या कोलकात्यात नेमके उलट घडले. २००८ मध्ये पोलिसांनी ३८ रस्त्यांवर सायकलला मज्जाव केला. २०१३ मध्ये ही संख्या १७४ झाली आणि विरोध झाल्यानंतर ६२ वर उतरली. वाहतूक मंदावते, असे कारण पुढे करण्यात आले. परंतु एक मोटारगाडी उभी राहते तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. तेव्हा रस्ता अडवितो कोण, हा प्रश्न उरतोच. या बंदीची झळ लागली ती दूधवाला, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, नळ दुरुस्त करणारा कारागीर यांना. बसभाडे रोज भरणे ज्यास परवडत नाही, त्याच्या दृष्टीने सायकल हे उपजीविकेचे साधन असते. याच राज्याने २०१५ मध्ये ‘सबुज साथी’ योजनेद्वारे नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्यास प्रारंभ केला, ही विसंगती वाचकाच्या ध्यानी येईलच.

शास्त्रीय दृष्ट्या पाहता सायकलची बाजू भक्कम आहे. तेच अंतर चालत जाण्यास जितकी शक्ती खर्ची पडते, तिच्या सुमारे एकपंचमांश शक्तीत सायकलस्वार ते पार करतो. इंधन लागत नाही, धूर निघत नाही.

जुन्या शहरांना हा मार्ग बंद आहे काय? नेदरलँड्सचा अनुभव तसे सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींसाठी रस्ते रुंद झाले व सायकली मागे पडल्या. १९७१ मध्ये अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेवर मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले आणि काही रविवारी खाजगी मोटारींना बंदी झाली. त्यानंतर तेथील शासनाने सायकलमार्गांवर पैसा खर्च करण्यास सुरुवात केली.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे नंतर बांधलेल्या सायकलमार्गांवर ठिकठिकाणी दुचाकी गाड्या उभ्या राहू लागल्या. पट्टी आखणे हे काम एका दिवसाचे. ती मोकळी ठेवणे रोजचे. शिवाय एका नगराच्या हद्दीत आखलेली पट्टी हद्दीपलीकडे कामास जाणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. न्यू टाउनहून कोलकात्यात शिरणाऱ्या सायकलस्वारास पुढचा रस्ता खुला आहे की नाही, हे आधी विचारावे लागते.