शिंग की अंगठा?

लंडनच्या दक्षिण भागातील क्रिस्टल पॅलेस उद्यानात डायनोसॉरांचे भव्य पुतळे उभे आहेत. शिल्पकार बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स यांनी घडविलेले हे पुतळे १८५४ साली लोकांस पाहावयास खुले झाले. त्यांपैकी इग्वानोडॉनच्या नाकावर एक शिंग दिसते. त्या काळी या प्राण्याचे दात व काही विखुरलेली हाडे एवढेच हाती आले होते. त्यांतील एक अणकुचीदार हाड नाकावरील शिंग असावे, असा तर्क केला गेला. पुढे १८७८ साली बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले आणि ते हाड अंगठ्याचे असल्याचे सिद्ध झाले.

तरीही हे पुतळे जतन करून ठेवले आहेत आणि मुले ते पाहावयास जातात. चूक कशी होते व पुराव्याने ती कशी दुरुस्त होते, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

हीच कसोटी खेळण्यासही लावता येते. खेळण्यातील डायनोसॉरचे शेपूट जमिनीवर टेकले आहे काय? खऱ्या डायनोसॉरांच्या पाऊलखुणांमध्ये शेपूट घासल्याची खूण क्वचितच आढळते. अर्थात ते शेपूट उचलून चालत असत. मुलाने असा दोष स्वतः शोधून काढला, तर ते सदोष खेळणेही उत्तम शिक्षक ठरते.