पंख्यामागची तंगूस

शाफ्ट म्हटला की आपल्याला टॉर्शनची गणितं आठवतात. पण आपल्या भागात बोटीचा शाफ्ट पुराच्या रात्री आठवतो. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल वारंवार बुडून भामरागडचा संपर्क तुटला. जुलै 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात अडकलेल्या लोकांना बोटीनं बाहेर काढावं लागलं. बचावाच्या बोटीचं आउटबोर्ड इंजिन वर्षातले बरेच महिने झाकून पडलेलं असतं आणि लागतं ते एकदम. म्हणून त्याची तपासणी मे महिन्यातच करायची.

आधी गियर न्यूट्रलला आणि स्पार्क प्लगच्या वायरी बाहेर. हे टाळू नका. हात पंख्याजवळ असताना इंजिननं एक ठोका दिला तरी बोटं जातात. पातं आणि वरची प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, कॉटर पिन सरळ करून काढा, मग नट, वायसर आणि पंखा. कुठला वायसर कुठे होता याचा मोबाईलवर फोटो घ्या. पंख्याच्या पुढचा थ्रस्ट वायसर सगळा रेटा झेलतो, तो उलटा बसून चालत नाही.

आता खरी मेख. मासेमारीच्या जाळ्याची तुटलेली तंगूस (हा शब्द मला इथेच कळला, आजवर मी फिशिंग लाइनच म्हणायचो!) शाफ्टला गुंडाळते, पंख्याआड लपते आणि हळूहळू ऑइल सील कापते. पाणी गियरकेसमध्ये शिरतं, बेअरिंग गंजतात. इंजिन रात्रभर उभं ठेवून खालचा स्क्रू किंचित सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे असेल तर आधी तेच येईल. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलं समजा. काही जण नुसतं तेल बदलतात. रंग सुधारतो, पण थोड्याच फेऱ्यांत पुन्हा तेच.

पंखा काढलेलाच आहे तर शाफ्ट हातानं फिरवून बघा. टोक डुलत असेल तर तो वाकलाय, नवं सीलही टिकणार नाही.

आपल्या नद्यांत खडक भरपूर. पातं आपटलं की पंख्यातला रबरी बुश घसरतो आणि गियर वाचतात. पण घसरलेला बुश तसाच राहिला तर इंजिन नुसतं ओरडतं, बोट पुढे जात नाही, आणि पुराची धार तिला घेऊन जाते. बुश आणि पंखा यांच्यावर रंगाची एक सरळ रेघ मारा. काही छोट्या इंजिनांत बुशऐवजी शिअर पिन असते. तिच्या दोन जादा पिना आणि पक्कड बोटीतच ठेवा.

बसवताना शाफ्टचे दाते पुसून पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा. कॉटर पिन नवीच. नटाची खाच भोकासमोर येत नसेल तर नट आणखी आवळा, सैल करू नका. इंजिन कोरडं चालवू नका, पाण्याच्या पंपातलं रबर जळतं. तलावात जोरात एक फेरी मारून या आणि ती रेघ बघा. तुटलेली दिसली तर पंखा पुन्हा खाली.