उंचावलेली जीप : सुकाणू आणि शक्तिप्रेषण यांतील दोषांची चिकित्सा

छत्तीसगडमधील भिलाईचे नाव निघाले, की प्रथम आठवतात त्या झोतभट्ट्या. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‍घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. परंतु भट्टीत पडणारे लोहखनिज भिलाईच्या सपाटीवर निघत नाही. ते दीर्घकाळ येत राहिले, ते दक्षिणेस सुमारे 90 किलोमीटरांवर असलेल्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून. तांबडी माती, सुटे दगड, पावसाळ्यात चिखलाने भरणाऱ्या चाकोऱ्या अशा वाटांवर उपयोगी पडणारे वाहन म्हणजे जीप.

जीपचा जन्म 1940 साली अमेरिकन सैन्याच्या गरजेतून झाला. भारत स्वतंत्र झाल्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि हे वाहन धरणांच्या कामांवर, जंगलखात्यात व खाणींत सर्वत्र दिसू लागले. खडकाळ वाटेवर वाहनाचे पोट दगडास लागू नये, म्हणून अशा वाहनांची उंची मुळापेक्षा आठ-दहा सेंटिमीटर वाढवण्याची चाल आहे. उंचावलेली जीप डोंगरात समाधानकारक चालते. मात्र गुळगुळीत महामार्गावर आली की तक्रार करू लागते. ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगात एखादा खड्डा लागतो आणि पुढची चाके अकस्मात डावी-उजवीकडे इतक्या जोराने थरथरू लागतात, की सुकाणूचाक हातात धरवत नाही. मालक सुकाणूची पेटी बदलतो. दोष कायम राहतो. गिअरपेटी उघडून पाहतो. आत सर्व ठीक असते. याचे कारण काय ? बहुधा येथे कोणताही एक भाग बिघडलेला नसतो. बिघडलेला असतो तो भागांचा परस्परसंबंध, म्हणजेच त्यांची भूमिती.

उंची वाढवण्याचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा, अधिक बाकदार बसवतात किंवा त्यांच्या टोकाची शॅकल लांब करतात. त्यामुळे चौकट आसापासून, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या आडव्या भागापासून, दूर जाते. दुसऱ्या प्रकारात चौकट जागच्या जागी राहते आणि तिच्यावरील सांगाडा ठोकळे घालून वर उचलला जातो. दोहोंत भर पडते ती मोठ्या टायरांची. दोष शोधताना प्रथम हेच विचारावे, की उंची कोणत्या प्रकाराने वाढवली आहे. कारण दोन्ही प्रकारांचे दोष वेगवेगळे असतात.

सुकाणूचे दोष

सायकलचा पुढचा चिमटा किंचित मागे कललेला असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या पुढे पडते. म्हणून चाक त्या रेषेच्या मागे ओढले जाते व आपोआप सरळ राहते. मोटारीतही ज्या खिळ्याभोवती पुढचे चाक वळते, तो किंगपिन असाच मागे कललेला असतो. या कलास कॅस्टर कोन म्हणतात. जुन्या जीपमध्ये तो सुमारे 3 अंश असे. स्प्रिंगच्या पुढच्या टोकाची शॅकल लांब केली, तर स्प्रिंगचे ते टोक खाली जाते, आस पुढे कलंडतो आणि 3 अंशांतील एक-दोन अंश तेथेच नाहीसे होतात. वाहनाची केवळ मागची बाजू उचलली, तरी परिणाम तोच होतो. मग वळणानंतर सुकाणू स्वतःहून सरळ येत नाही, वाहन रस्त्यावर भरकटते आणि थरथरीस आरंभ होण्यास एखादा धक्का पुरतो.

ही थरथर स्वतःच स्वतःला पोसते. सांध्यांतील ढिलेपणामुळे चाक थोडे वळते, टायर त्यास उलट ढकलतो, चाक मर्यादेपलीकडे जाते आणि पुन्हा परत फिरते. रुग्णालयातील ढकलगाडीचे लहान चाक वेगात फडफडताना पुष्कळांनी पाहिले असेल. तोच हा प्रकार.

दुसरा दोष ड्रॅग लिंकचा. सुकाणूच्या पेटीपासून चाकांकडे वळण नेणारा हा दांडा मुळात जवळजवळ आडवा असतो. चौकट वर गेली की तो तिरपा होतो. आडवा दांडा टोकाशी थोडा वर-खाली झाला, तर त्याची आडवी लांबी फारशी बदलत नाही. तिरप्या दांड्याची मात्र लगेच बदलते. परिणामी खड्ड्यात आस वर-खाली होताच, चालकाने हात हलवला नसतानाही चाके वळतात. सरळ रस्त्यावर सुकाणूचाक वाकडे उभे राहणे ही याच दोषाची प्राथमिक खूण होय.

शक्तिप्रेषणाचे दोष

इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून आसाकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांस युनिव्हर्सल सांधे असतात. कारागीर त्यांतील चौफुलीस ‘क्रॉस’ म्हणतात. हा सांधा कोनात फिरू शकतो, पण त्याची किंमत घेतो. एक बाजू समगतीने फिरत असली, तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होते. सांध्याचा कोन 10 अंश असता हा चढउतार दोन्ही बाजूंस सुमारे दीड टक्का असतो. कोन 20 अंश झाला की तो सुमारे सहा टक्के होतो. कोन दुप्पट, पण चढउतार चौपट ! दोन्ही टोकांचे कोन समान असले आणि सांधे योग्य रीतीने एकमेकांशी जुळवलेले असले, तर एकाचा चढउतार दुसरा पुसून टाकतो. उंची वाढवताना ही समानता मोडली, तर शाफ्ट गुरगुरू लागतो आणि क्रॉस अकाली झिजतात.

थरथर कोठून येते, हे तिच्या गतीवरून ताडता येते. चाकाचा व्यास 72 सेंटिमीटर असेल, तर ताशी 60 किलोमीटर वेगात चाक सेकंदास सुमारे 7 फेरे घेते. आसातील दंतचक्रांचे प्रमाण 4 मानले, तर शाफ्ट सुमारे 30 फेरे घेतो आणि सांध्याच्या चढउताराचे सुमारे 60 हेलकावे होतात. म्हणून सुकाणूत जाणवणारे संथ, ठसठशीत झटके चाकांचे. आणि पायाखाली जाणवणारी, मोजता न येणारी बारीक गुणगुण शाफ्टची. वाहन उभे असता इंजिनाचा वेग वाढवूनही तीच थरथर आली, तर दोष इंजिनाकडे किंवा क्लचकडे शोधावा.

गिअर चालत्या वाहनात आपोआप सुटत असेल, तर पेटी उघडण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. सांगाडा ठोकळ्यांवर उचलल्यास तळपत्राही वर जातो. मग गिअरचा दांडा पत्र्याच्या भोकाच्या काठास लागतो, दंतचक्रे पुरती एकमेकांत शिरत नाहीत आणि धक्का बसताच गिअर सुटतो. येथे औषध पेटीला नव्हे, पत्र्याला हवे.

चारही चाकांची शक्ती जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवणे हेही त्रासाचे मूळ आहे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या रस्त्यावर तो शाफ्टांत पीळ होऊन साठतो व जोडणीचा दांडा जागचा हलत नाही. वाहन थोडे मागे घेतल्यास पीळ उतरतो. पुढचे व मागचे टायर कमीअधिक झिजलेले असतील, तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ बसतो.

एका उपायाची दुसऱ्यास बाधा

या विषयातील खरी अडचण येथे आहे. हरवलेला कॅस्टर कोन परत मिळवण्यासाठी स्प्रिंग व आस यांच्यामध्ये पाचर घालतात. त्यामुळे किंगपिन मागे कलतो, हे खरे. परंतु त्याच आसावरील दंतचक्राचे नाक, जेथे पुढचा शाफ्ट जोडलेला असतो, ते खाली झुकते आणि तेथील सांध्याचा कोन वाढतो. सुकाणू सुधारले, तर शक्तिप्रेषण बिघडले ! आस एकच असल्यामुळे तो एकासाठी कलवावा आणि दुसऱ्यासाठी कलवू नये, असे करता येत नाही. म्हणून जाणता कारागीर दोन्ही कोन मोजून मधला मार्ग काढतो आणि तो निघत नसेल, तर उंचीच कमी करण्याचा सल्ला देतो.

तपासणीचा क्रम

स्वस्त व सोप्या गोष्टींपासून आरंभ करून अवघड गोष्टींकडे जावे. प्रथम टायरांतील हवा, झीज व समतोल पाहावा. नंतर स्प्रिंगा आसास बांधणारे यू-बोल्ट घट्ट आहेत का, ते तपासावे. त्यानंतर चाक जमिनीवरून उचलून, वर-खाली धरून हलवावे. ढिलेपणा आढळल्यास तो चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे की किंगपिनमध्ये, ते दुसऱ्याने जवळून पाहावे. मग एकाने सुकाणूचाक थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने टाय-रॉडचे सांधे निरखावेत. येथवर सर्व ठीक असेल, तर कॅस्टर कोन, ड्रॅग लिंकचा कल, शाफ्टच्या दोन्ही सांध्यांचे कोन व शाफ्टच्या सरकत्या सांध्याची पकड मोजावी. उंची वाढल्याने ही पकड तोकडी पडते. वाहनाखाली शिरण्यापूर्वी ते केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारांवर टेकवणे अत्यावश्यक आहे. सुकाणूचे धक्के शोषणारा डँपर बसवल्याने थरथर दबते; परंतु तो दोषावर घातलेला पडदा होय, उपाय नव्हे.

महामार्गावर थरथर सुरू झाल्यास सुकाणूचाक दोन्ही हातांनी सरळ धरावे, वेगवर्धकावरून पाय काढावा व वेग हळूहळू उतरू द्यावा. एकदम वळण घेऊ नये.

उंचीची मर्यादा

सर्व सांधे निर्दोष केले, तरी एक तोटा उरतोच. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर 122 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य 61 सेंटिमीटर उंचीवर आहे, असे मानले, तर अंतराच्या निम्म्यास उंचीने भागून येणारा स्थैर्याचा अंक 1 येतो. गुरुत्वमध्य 8 सेंटिमीटर वर गेला, की तो सुमारे 0.88 उरतो. म्हणजे कडेला कलंडण्याविरुद्धची शक्ती आठव्या हिश्शाने घटते. भारतातील मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 ने वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध घातले आहेत, त्यामागेही सुरक्षिततेचाच विचार आहे.

यंत्राचा प्रत्येक भाग इतर भागांशी ठरलेल्या कोनाने व अंतराने बांधलेला असतो. त्यांतील एक माप बदलणारा मनुष्य नकळत दहा मापे बदलत असतो. जे वाहन राजहराच्या चढणीवर माणसांना नेते, त्यानेच त्यांना सुखरूप परतही आणावयाचे असते. यास्तव उंची वाढवण्यापूर्वी कोन मोजावेत आणि दोष दिसल्यावर भाग बदलण्यापूर्वी पुन्हा तेच मोजावेत.

अभ्यासासाठी प्रश्न

1. टायरचा व्यास 72 सेंटिमीटरांवरून 80 सेंटिमीटर केला आणि वेगमापक तसाच ठेवला, तर तो 45 दाखवत असता प्रत्यक्ष वेग किती असेल ?
2. ड्रॅग लिंक आडवा असता व तिरपा असता त्याचे टोक सारखेच वर उचलले, तर आडवी लांबी कोठे अधिक बदलते, हे कागदावर आकृती काढून दाखवा.
3. सायकलचा चिमटा उलटा फिरवून बसवल्यास त्याची वाढवलेली रेषा आणि चाकाच्या टेकण्याचा बिंदू यांतील अंतर कसे बदलेल ?