विधान कोणते काम करते?

वादात किंवा स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात एखादे विधान समोर आले की आपले तरुण लगेच विचारतात, हे खरे की खोटे? प्रश्न योग्य आहे, पण तो नंतरचा. पहिला प्रश्न असा की, या युक्तिवादात हे विधान कोणते काम करते? घरात खांब व तुळई दोन्ही लाकडाचीच असतात. पण कोण कोणाला तोलून धरतो हे कळल्याशिवाय काय काढले तर घर कोसळेल, हे सांगता येत नाही.

हा विचार आपल्याला परका नाही. न्यायदर्शनाने अनुमानाचे पाच अवयव मानले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन. दिङ्नागाच्या परंपरेतील 'न्यायप्रवेश' या लहानशा ग्रंथाने पक्ष, हेतू व दृष्टांत या तिघांवरच काम भागविले. आपल्या अभ्यासापुरती चार कामे लक्षात ठेवावीत. जे सिद्ध करावयाचे तो निष्कर्ष. ज्याच्या बळावर सिद्ध करावयाचे तो आधार. उत्तर देण्यासाठी मांडलेले प्रतिपक्षाचे म्हणणे तो पूर्वपक्ष. आणि न बोलता मानलेले ते गृहीतक.

आता आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. पुष्कळदा असे ऐकू येते : "मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले. त्यानंतर विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. म्हणून १९५६ च्या धर्मांतराची गरज उरली नव्हती."

पहिली दोन वाक्ये आधार आहेत. 'म्हणून' या शब्दापुढचे तिसरे वाक्य निष्कर्ष आहे. घाईचा वक्ता येथे आधारांवरच तुटून पडतो. तसे करू नये. दोन्ही घटना खऱ्या आहेत; त्या नाकारल्या तर आपलीच पत जाते. खरी उणीव दुसरीकडे आहे. या आधारांवरून तो निष्कर्ष निघण्यासाठी मध्ये एक न बोललेले विधान लागते : मंदिरबंदी हेच धर्मांतराचे एकमेव कारण होते. हे गृहीतक टिकते काय?

टिकत नाही. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. परंतु १९३४ साली भाऊराव गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, दलितांनी मूर्तिपूजक व्हावे यासाठी हा लढा नव्हता. त्यांना जागे करून आपल्या स्थितीची जाणीव देणे हा त्याचा उद्देश होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हा प्रश्न समतेचा व माणुसकीचा होता. दार उघडल्याने तो सुटत नाही. म्हणजे आधार खरे, तरी निष्कर्ष निराधार.

दुसरे उदाहरण ३१ मे १९३६ च्या मुंबईतील भाषणाचे. जातिभेद मुसलमान व ख्रिस्ती यांच्यातही आहे, मग धर्मांतराने काय साधणार, हा आक्षेप बाबासाहेबांनी तेथे स्वतःच मांडला. त्यातील वस्तुस्थिती त्यांनी नाकारली नाही. मात्र हिंदूंच्या जातिभेदाला धर्माचाच पाया आहे, तसा तो त्या धर्मांत नाही, असा फरक त्यांनी दाखविला. येथे आक्षेप हा पूर्वपक्ष आहे, त्यातील वस्तुस्थिती ही मान्य केलेली बाब आहे आणि दाखविलेला फरक हा उत्तराचा आधार आहे. आता कोणी पूर्वपक्षाचे तेवढेच वाक्य उचलून "बाबासाहेबच असे म्हणाले" असे सांगू लागला, तर शब्द त्यांचे असूनही मत त्यांचे राहत नाही. म्हणून कोणतेही वाक्य उद्धृत करण्यापूर्वी त्याचे काम तपासावे.

सराव करताना प्रथम निष्कर्ष शोधावा. 'म्हणून', 'सबब' यांच्यापुढे बहुधा तोच असतो. 'कारण' या शब्दापुढे आधार असतो. 'असे म्हणतात', 'हे खरे, तथापि' असे शब्द आले की पूर्वपक्ष ओळखावा. खुणेचा शब्द नसेल तर दोन विधानांमध्ये 'म्हणून' घालून पाहावे. ज्या दिशेने अर्थ लागतो तिकडे निष्कर्ष. शेवटी गृहीतक बाहेर काढावे.

स्वाध्याय : "उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात आहे. तरीही दुष्काळी वर्षी जिल्ह्यातील गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. म्हणून धरण जवळ असणे व पाणी मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत." प्रत्येक वाक्याचे काम लिहा. नंतर हीच कसोटी आपल्या एखाद्या आवडत्या भाषणाला लावा. विरोधकांच्या युक्तिवादाची चिकित्सा करणारास स्वतःच्या युक्तिवादास सूट देता येत नाही.