जुना बॉक्स कशानं गेला?

जिप्सी दारात उभी करून कुणी म्हणालं, "काका, गिअर बॉक्स गेला, दुसरा टाका," की मी आधी पांढरी बशी मागतो. बॉक्समधलं थोडं तेल बशीत घ्यायचं आणि उन्हात धरायचं. सोनेरी चकाकी दिसली तर पितळेच्या सिंक्रो रिंगा झिजल्यात. चुंबक फिरवल्यावर पोलादाचा कीस चिकटला तर बेअरिंग किंवा दाते गेलेत. आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. १९८५ साली जिप्सी बाजारात आली तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेल्पर होतो. ही बशी वस्तादांनी तेव्हा हातात दिली. जुना बॉक्स कशानं मेला हे कळल्याशिवाय नवा चढवायचा नाही, नाहीतर तोही त्याच दुखण्यानं जातो, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं. आज तुम्हा पोरांना मी तेच सांगतोय.

डोंगरात फिरणाऱ्या गाडीचं मोठं दुखणं पाणी. आंबा घाटासारखा घाट उतरला की बॉक्स चांगला तापलेला असतो. तशीच गाडी ओढ्यात घातली की तो एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. गाडी पलीकडे गेली म्हणून मालक खूश असतो. दोन महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं. म्हणून ओढ्याआधी पंधरा मिनिटं थांबा. ब्रीदरला नळी लावून ती वर बॉनेटखाली नेऊन बांधा. पावसाळ्याच्या भटकंतीनंतर तेल एकदा बघाच.

दुसरी गोष्ट कानाची. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लचवरून पाय काढल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर बॉक्समधलंच बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, बॉक्सला दोष देऊ नका. चालत्या गाडीत सगळ्या गिअरला आवाज आणि चौथ्यात कमी, तर काउंटर शाफ्ट तपासा. चौथा गिअर थेट असल्यामुळे त्या शाफ्टवर भार येत नाही. गिअर सुटत असेल तर लिव्हरच्या बुडाची प्लॅस्टिकची बुश, बॉक्सचे रबरी माउंट आणि बेल हाउसिंगचे बोल्ट आधी बघा. जिप्सीत ट्रान्स्फर केस बॉक्सपासून वेगळा असतो, मध्ये आखूड शाफ्ट असतो. त्या केसचे तीन रबरी माउंट सैल झाले की सगळा सांगाडा थरथरतो आणि आळ गिअर बॉक्सवर येतो. शंभर-दोनशे रुपयांच्या बुशीसाठी कुणाला हजारोंचा बॉक्स घ्यायला लावू नका.

बॉक्स उतरवायचाच ठरला तर बॅटरीची अर्थ वायर काढा, गाडी घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. तेल सोडण्याआधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. खालचा काढून तेल सोडलं आणि वरच्याचे आटे गेलेले निघाले, तर तेल भरणार कुठून? शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँजवर पंचानं खूण करा, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. इंजिनच्या चेंबरखाली लाकडाचा ठोकळा देऊन आधार द्या. मागचा आधार सुटला की इंजिन मागे कलतं आणि होज, वायरी ताणल्या जातात. मग बॉक्स सरळ मागे ओढायचा.

सरळ या शब्दावर मी थांबतो, कारण इथं माझा हात एकदा चुकलाय. वस्ताद जेवायला गेले होते. नवा बॉक्स मी क्लच प्लेटच्या स्प्लाइनमध्ये घातला, बोल्टाचं भोक जुळेना, म्हणून "जरा पाना शोधतो" म्हणत जॅक थोडा उतरवला. बॉक्सचं सगळं वजन इनपुट शाफ्टवर लटकलं. मी परत आलो, बोल्ट आवळून फट मिटवली, गाडी दिली. ती पहिल्या चढाला थरथर कापायला लागली. बॉक्स पुन्हा उतरवला तेव्हा नव्या क्लच प्लेटचा मधला हब वाकलेला होता. तेव्हापासून नियम एकच: बॉक्स एक क्षणही शाफ्टवर लटकवायचा नाही, आणि राहिलेली फट बोल्टानं ओढून मिटवायची नाही. फट राहिली याचा अर्थ काहीतरी जुळलेलं नाही. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, जोर केला तर कान तुटतो. बॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाका, मागचा फ्लँज हातानं हळू फिरवा. स्प्लाइन जुळली की बॉक्स स्वतःहून आत सरकतो. तो "टक्" आवाज ओळखायला शिका.

प्लेट मध्यावर धरायला जुन्या मेलेल्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट काढून ठेवा, त्याच्यासारखं हत्यार नाही. नवी प्लेट नव्या बॉक्सच्या शाफ्टवर आधी हातानं घालून बघा. जुनी ४१० आणि किंग या जिप्सींचे भाग सरमिसळ करून विकले जातात. डॉवेल पिना जागेवर आहेत ना, हे बोट फिरवून तपासा. पिना नसतील तर बॉक्स केसभर तिरका बसतो आणि पुन्हा तेच बेअरिंग खातो. पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, इंजिनचं मागचं सील आत्ताच बदला. यांच्यासाठी पुन्हा बॉक्स उतरवणं मालकाला परवडत नाही. सीलबंद बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस जातं. शाफ्टच्या स्प्लाइनला ग्रीस पुसटसंच. जास्त झालं तर उडून प्लेटवर बसतं.

तेल ८०डब्ल्यू-९०, पण डब्यावर जीएल-४ आहे ना ते वाचा. ॲक्सलचं जीएल-५ "जास्त भारी" म्हणून ओतणारे खूप आहेत. त्यातली काही रसायनं पितळेच्या रिंगांना खातात. गाडी सपाट जागेवर उभी करून, भरायच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरा. भरेपर्यंत स्टिअरिंगला "तेल नाही" अशी पाटी बांधून ठेवा, कारण संध्याकाळच्या घाईत कुणीतरी किल्ली फिरवतोच.

नव्या बॉक्सचं पहिलं तेल ५०० किलोमीटरला काढा, पांढऱ्या बशीत घ्या आणि मालकाला उन्हात बोलावून दाखवा.