पुलगाव-आर्वीची गाडी : एका प्रतिकृतीचा अभ्यास

आगगाडीची प्रतिकृती म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जत्रेतील चावीची गाडी उभी राहते. परंतु खेळणे आणि प्रतिकृती यांत मोठा फरक आहे. खेळण्यातील गाडी ही कोणतीही गाडी असते. प्रतिकृती मात्र एका ठराविक मार्गावरील ठराविक गाडीचीच असावी लागते. तिच्यातील प्रत्येक माप खऱ्या मापाशी बांधलेले असते. हा छंद मला गेल्या वर्षी लागला. त्यातून जे थोडेफार शिकलो ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

छंदाची परंपरा

हा छंद परदेशात जुना आहे. आयर्लंडमधील सिरिल फ्राय हे डब्लिनमधील इंचिकोर येथील रेल्वे कारखान्याच्या आरेखन विभागात काम करीत. तेथील खऱ्या आराखड्यांचा त्यांना परिचय होता. त्या आधारे त्यांनी आयरिश इंजिने व डबे यांच्या प्रतिकृती घरी बसून हातांनी तयार केल्या. त्यांचा संग्रह आज मालाहाइड या गावी पाहावयास मिळतो. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तेथे गाड्या प्रत्यक्ष धावतात, सिग्नल पडतात आणि दिवे लागतात.

आयर्लंडचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तेथील आणि आपली अडचण सारखीच आहे. इंग्लंडमधील रूळ १४३५ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे ४ फूट साडेआठ इंचांचे. आयर्लंडमध्ये सुरुवातीला तीन कंपन्यांनी तीन निरनिराळ्या अंतरांचे रूळ टाकले. तो घोळ मिटविण्यासाठी पुढे ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर हे अंतर ठरविण्यात आले. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर आहे. बाजारात मिळणारे तयार छोटे रूळ मात्र बहुधा १६.५ मिलिमीटरचे असतात आणि ते इंग्लंड-युरोपातील रुळांवरून बेतलेले आहेत. आयरिश गाडी १:७६ प्रमाणात केली तर रूळ २१ मिलिमीटरचे हवेत. आपली ब्रॉडगेज गाडी १:८७ प्रमाणात केली तर ते सुमारे १९.३ मिलिमीटरचे हवेत. तयार रुळांवर दोन्ही गाड्या ठेवल्या की रूळ अरुंद आणि गाडी अंगाबाहेर आलेली दिसते. म्हणून ज्याला अस्सल प्रतिकृती हवी, त्याला रूळसुद्धा स्वतःच घडवावे लागतात.

आपल्या जिल्ह्यातील गाडी

वर्धा जिल्ह्यात मुंबई-नागपूर हा मोठा मार्ग आहेच. पण मी निवडली ती पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी. हा मार्ग १९१७ साली सुरू झाला. लांबी सुमारे ३५ किलोमीटर आणि रुळांतील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर हे मार्गही याच मापाचे. यवतमाळच्या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. आर्वीच्या गाडीलाही आपल्याकडे अनेक जण ‘शकुंतला’च म्हणतात. अरुंद रुळांचा मार्ग बांधावयास खर्च कमी येतो, वळणे आखूड घेता येतात आणि लहान इंजिन पुरते. म्हणून कापसाच्या मुलखातील माल मोठ्या मार्गापर्यंत आणण्यासाठी अशा फाट्या काढल्या गेल्या.

आयर्लंडच्या ग्रामीण भागातही अशाच कारणांनी ३ फुटी मार्ग बांधले गेले. त्यांपैकी डोनेगल परगण्यातील मार्ग १९५९ अखेर आणि वेस्ट क्लेअर मार्ग १९६१ साली बंद झाला. आपली आर्वीची गाडीही बंद होऊन बरीच वर्षे लोटली. मी १९ वर्षांचा आहे. या गाडीत मी कधीच बसलो नाही. जी गाडी पाहिली नाही तिची प्रतिकृती करावयाची, हाच माझ्यापुढील खरा प्रश्न होता.

प्रमाण कसे निवडावे

प्रथम प्रमाण ठरवावे आणि नंतर ते कोठेही बदलू नये. तयार १६.५ मिलिमीटरचे रूळ वापरावयाचे असतील तर ७६२ ला १६.५ ने भागावे. उत्तर सुमारे ४६ येते. म्हणजे १:४५ या प्रचलित प्रमाणात आपली छोटी गाडी त्या रुळांवर जवळजवळ बरोबर बसते. ब्रॉडगेजला न मिळणारी ही सोय नॅरोगेजला आपोआप मिळते. चालणारी गाडी करावयाची असल्यास हेच प्रमाण घ्यावे. अशा गाडीत रुळांतूनच साधारण १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह देतात. प्रवाहाची दिशा उलटविली की गाडी मागे जाते.

माझी प्रतिकृती स्थिर आहे. म्हणून मी हिशेबाला सोपे असे १:५० प्रमाण घेतले. यात खरा १ मीटर म्हणजे २ सेंटिमीटर. रुळांतील अंतर १५.२ मिलिमीटर येते. साडेपाच फूट उंचीचा माणूस साडेतेहतीस मिलिमीटरचा होतो. असा एक माणूस पुठ्ठ्यातून कापून सतत जवळ ठेवावा. दार, खिडकी, बाक काहीही केले की तो शेजारी उभा करावा. चूक ताबडतोब दिसते.

मापे कशी मिळवावीत

जेथे वस्तू उभी आहे तेथे टेप घेऊन जावे. नागपूरला मोतीबाग येथे २००२ सालापासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथील गाड्याही ७६२ मिलिमीटरच्याच मार्गावरील असल्याने पाहून पुष्कळ कळते. विटांच्या इमारतीची उंची काढण्यासाठी शिडी लागत नाही. विटांचे थर मोजावेत. जुन्या बांधकामात चार थर म्हणजे साधारण एक फूट. छायाचित्र घेताना वस्तूला टेकवून एक मीटरची काठी उभी करावी. मग चित्रावर पट्टी ठेवून उरलेली मापे काढता येतात. मात्र चालू मार्गावर कोणीही मापे घेण्यासाठी उतरू नये.

रूळ आणि जमीन

नॅरोगेजच्या लाकडी स्लीपरचे प्रचलित माप सुमारे १५२ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १० जाड असे आहे. १:५० प्रमाणात ते साधारण ३०, ३ आणि २ मिलिमीटर होते. आइस्क्रीमच्या काड्या सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या उभ्या चिरल्या की स्लीपर तयार होतात. चहाच्या गडद पाण्यात थोडी काळी शाई घालून त्यात त्या रात्रभर भिजवाव्यात. रुळांसाठी मी सायकलच्या चाकातील जुने स्पोक घेतले. एक स्पोक साधारण फूटभर, म्हणजे खरा १५ मीटर रूळ झाला. वरची कड तेवढी पॉलिश कागदाने घासावी आणि बाजू गंजलेलीच राहू द्यावी. जमिनीसाठी आमच्याच शेतातील काळी माती वस्त्रगाळ करून, पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरली. बाभळीसाठी तुळशीच्या वाळलेल्या काड्या वापरल्या.

डबा

डब्यासाठी लग्नपत्रिकांचा जाड कागद फार चांगला. खिडक्या आधी ब्लेडने कापून घ्याव्यात आणि नंतर घड्या घालाव्यात. छताचा कागद किंचित ओला करून लाटण्यावर गुंडाळून ठेवला की त्याला गोलाई येते. रंग एकसारखा चकचकीत देऊ नये. खालच्या भागावर मातकट रंगाचा कोरडा ब्रश फिरवावा. धूळ नसलेली गाडी आपल्या भागातील वाटतच नाही.

डबा पूर्ण झाल्यावर मी तो आजीला दाखविला. आमच्या घरात महाविद्यालयात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात गाड्याही करावयास शिकवितात अशी तिची समजूत झाली होती. तरुणपणी ती भाजीची टोपली घेऊन याच गाडीने पुलगावच्या बाजाराला जात असे. तिने डबा डोळ्यांजवळ धरला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, “रंग बराबर हाय. पण पायरी एवढी खाली कुठं होती रे! टोपलं आधी वर द्या लागे, मंग कोणी हात दे, तवा चढणं होये.”

मी विचारले, “कुठवर ये पायरी?” ती भिंतीला धरून उठली आणि गुडघ्याच्या वर चार बोटे ठेवून म्हणाली, “इथवर.” मी टेप लावला. जमिनीपासून ४८ सेंटिमीटर भरले. माणसाची पाठ वाकते, पण गुडघ्याची उंची बदलत नाही. १:५० प्रमाणात ते ९.६ मिलिमीटर होते आणि मी पायरी ५ मिलिमीटरवर चिकटविली होती. एकाच आठवणीवर विसंबू नये म्हणून पारावरील दोन वृद्धांनाही विचारले. दोघांचेही हात गुडघ्याच्या वरच गेले. मी पायरी उखडून पुन्हा लावली.

त्या दिवशी आजीने आणखी बरेच सांगितले. खाली उतरविताना टोपली कशी कलंडे, पावसात कोणत्या बाजूच्या खिडक्या लावीत, हे सारे तिने बसल्या बसल्या हातांनी दाखविले. तिला लिहिता येत नाही. हे तिला आजवर कोणी विचारलेही नव्हते, मीसुद्धा नाही. मी वहीचे एक पान तिच्या नावाने उघडले आणि त्यावर मापांसह सर्व उतरवून घेतले. ती म्हणाली, “हे बी लिवतेत का कॉलेजात?” मी हो म्हणालो.

शेवटी

फ्राय यांच्याजवळ कारखान्याचे आराखडे होते. आपल्याजवळ आजी-आजोबा आहेत. आराखडा कपाटात शंभर वर्षे टिकतो, माणसांचे तसे नाही. जिनिंगचे यंत्र, विहिरीची मोट, जुना दगडी पूल, आपल्या गावातील जे काही बंद पडले असेल त्याची प्रतिकृती करावयास दोनशे रुपयेही लागत नाहीत. माझे तेवढेही लागले नाहीत. फक्त आधी विचारावे, मग मोजावे आणि नंतरच कात्री लावावी. मी हा क्रम उलटा केला होता, म्हणून मला पायरी दोनदा लावावी लागली.